गायिका जरा उजवीकडे

३ फेब्रुवारी

प्रिय भाचीबाई,

फोन सोडून मामा पत्र कशाला खरडतोय, असं तुला वाटेल. पण हल्ली फोनवर आवाजाचा नुसता चोथा येतो. ज्याने एकदा अस्सल आवाज ऐकला, त्याने पुन्हा फोन कानाला लावायचा म्हणजे शिक्षाच. आणि मी अस्सल आवाज ऐकलाय.

निवृत्त झाल्यापासून सगळे मागे लागले होते, काहीतरी छंद लावून घ्या. तुझ्या मामीचं म्हणणं होतं कुंड्या. मी डॅक घेतला. तू डबिंगच्या स्टुडिओत काम करतेस, तुला डॅक म्हणजे काय ते सांगायला नको. पण मामीला सांगून सांगून सवय झालीये, म्हणून सांगतो. कॉम्प्युटरच्या पोटात गाणं नुसत्या आकड्यांचं असतं, त्या आकड्यांचा परत आवाज करणारी ही पेटी. जाडजूड वहीएवढी, काळी. पुढे आवाज कमी-जास्त करायचं बटण आणि त्याच्या शेजारी हेडफोन लावायला तीन भोकं. घोडं अडलंय ते इथे. एक भोक लहान, मोबाइलला असायचं तसलं. दुसरं जाड. तिसरं गोल, आत चार पिना. या तिसऱ्याला आमच्या मंडळात 'चार दातांचं' म्हणतात, कारण आमचे अध्यक्ष दंतवैद्य होते.

मंडळाबद्दल तुला सांगितलंच नाही. शुद्धश्रवण मंडळ. अध्यक्षांना सगळे दर्दी म्हणतात, कारण गाणं सुरू व्हायच्या आधीच त्यांचे डोळे मिटलेले असतात. दर रविवारी सकाळी त्यांच्या जुन्या दवाखान्यात आम्ही जमतो. दात काढायची ती मागे कलणारी खुर्ची अजून तिथेच आहे. ज्याची ऐकायची पाळी, तो तिच्यात आडवा होतो. बाकीचे बाहेरच्या बाकावर बसून आपला नंबर कधी येतो त्याची वाट बघतात. पूर्वीसारखंच, फक्त आता चेहरे आनंदी असतात.

गेल्या महिन्यात ते जुनं गाणं लावलं होतं, लहानपणी तू माझ्याकडे सारखं लावायला सांगायचीस ते. माझी पाळी आली. चार दातांच्या भोकातून ऐकलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "गायिका जरा उजवीकडे बसलीये. आणि थोडी मागे."

 मग दर्दी खुर्चीत आडवे झाले. गाणं संपेपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "आहे. उजवीकडे आहे." त्यानंतर एकेक करून सगळ्यांना ती उजवीकडे सापडली. आमच्या प्राध्यापकांना तर ती इतकी उजवीकडे गेलेली दिसली की त्यांनी खुर्चीतल्या खुर्चीत अंग चोरून तिला जागा करून दिली.

तेव्हापासून मंडळात माझ्या शब्दाला वजन आलंय. योग्य भोक कोणतं, यावर मंडळ लवकरच निकाल जाहीर करणार आहे आणि निकाल समितीचा प्रमुख तुझा मामा आहे. घरी तीनही भोकांतून गायिका उजवीकडेच बसते, त्यावरून पेटी उत्तम असल्याचं सिद्ध होतं. पण निवड तर करायला हवी. तुझं तांत्रिक मत लगेच कळव.

तुझा मामा

ता. क. मामी ठीक आहे. हल्ली फार पुटपुटते.

७ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तुझं पत्र स्टुडिओत वाचलं आणि एकटीच हसत सुटले. बाहेर आमचे दिग्दर्शक उभे होते. त्यांना वाटलं मी त्यांनाच हसतेय, कारण दोन पात्रांच्या मधली शांतता त्यांना 'जरा पातळ' वाटत होती आणि ती 'दाट' करून दे म्हणून ते माझ्या डोक्यावर बसले होते. मी काहीही केलं नाही, थोड्या वेळाने तीच शांतता परत ऐकवली. "आता कशी!" म्हणाले. तेव्हा तुझं मंडळ मला अगदीच परकं नाही.

आता भोकांचं. यात गूढ काही नाही. कानात घालायचे छोटे इयरफोन असतील तर लहान भोक. ते थोडक्या जोरावर वाजतात, त्यांना जोरकस भोकात घातलंस तर मागे सुंऽऽ असा आवाज येईल आणि कान फुटायची वेळ येईल. मोठे, जड, अख्खा कान झाकणारे हेडफोन असतील तर त्यांना जोर लागतो. त्यांना जाड भोक किंवा तुझं ते चार दातांचं, ज्याची केबल तुझ्याकडे असेल ते. आधी आवाज शून्यावर आण, मग हेडफोन लाव, मग हळूहळू वाढव. तुला पुरेल एवढा आवाज येतोय, मागे सुंऽऽ नाही, मोठ्या सुरावर आवाज फाटत नाही, झालं. ते भोक योग्य. यावर निकाल समिती बसवण्यासारखं काही नाही रे.

पण एका गोष्टीवर मी अडले. तू म्हणतोस ते ध्वनिमुद्रण मला पाठ आहे. एकच माइक समोर ठेवून केलेलं आहे ते. दोन्ही कानांत तंतोतंत तोच आवाज येतो. त्यात गायिका मधोमधच असणार, तिला सरकायला जागाच नाही. तुला ती उजवीकडे ऐकू येत असेल तर कुठेतरी डावी बाजू कमी पडतेय. साधी गोष्ट कर. हेडफोन उलटे घाल, डावीकडचा उजव्या कानावर. कच्ची बाजू हेडफोनबरोबर उजवीकडे आली, तर दोष हेडफोनचा नाहीतर पेटीचा. तशी आली नाही तर मला लिही.

मामीला सांग, कुंड्यांच्या बाजूने माझं एक मत.

तुझी भाची

१६ फेब्रुवारी

प्रिय भाचीबाई,

तुझं पत्र मंडळात वाचून दाखवलं. 'गूढ काही नाही' या वाक्याला दोघेजण उठून बाहेर गेले. दर्दींनी मात्र शांतपणे घेतलं. म्हणाले, "स्टुडिओतली माणसं आवाज तयार करतात. ऐकायला त्यांना वेळ कुठे असतो?" एकाच माइकवर प्राध्यापकांचं म्हणणं असं, की माइक एकच होता हे खरं, पण गायिका त्याच्या कुठल्या बाजूला उभी होती हे तुमची भाची कशी सांगणार? याचं उत्तर मला देता आलं नाही. तुला येत असेल तर देऊ नकोस, वातावरण आधीच तापलंय.

तू सांगितलंस तसं हेडफोन उलटे घालून पाहिले. कच्ची बाजू उजवीकडे आली. म्हणजे दोष हेडफोनचा. नवे मागवलेत. प्रश्न मिटला.

निकालाचा मसुदा तयार होतोय. 'चार दातांच्या भोकातून गायिका आपल्या स्वाभाविक जागी, म्हणजे किंचित उजवीकडे, विराजमान होते,' असं पहिलं वाक्य आहे. विराजमान हा शब्द माझा.

तुझा मामा

१९ फेब्रुवारी

चि. भाचीस,

मी तुला लिहितेय हे तुझ्या मामांना कळू देऊ नकोस. तुझा पत्ता त्यांच्या टेबलावरून घेतला.

गेला महिनाभर ते माझ्याशी धड बोलत नाहीत. लग्न झाल्यापासून जेवायला मी त्यांच्या डाव्या हाताला बसते. स्वयंपाकघराचं दार त्या बाजूला आहे, उठायला बरं पडतं. परवा मी विचारलं, "भात वाढू?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं, समोर भिंतीकडे बघत घास चावताहेत. तिसऱ्यांदा विचारायला मी काही मोलकरीण नाही. पातेलं उचललं आणि आत गेले. तर मागून म्हणतात कसे, "अगं, भात नाही का आज?"

हे सगळं त्या पेटीपायी. ती घरात आली त्या दिवशी मी म्हणाले होते, "या वयात सवत आणलीत, तीही काळी." चेष्टेत म्हणाले होते गं. तेच त्यांनी मनात धरलंय असं दिसतं. शेजारी झोपले की माझ्याकडे पाठ करून झोपत नाहीत, पण मी अंधारात काही बोलले तर नुसतं 'हं' सुद्धा म्हणत नाहीत. एवढा राग मी त्यांच्या वजनमापं तपासायच्या नोकरीतसुद्धा पाहिला नव्हता, आणि लोकांचे तराजू जप्त करून आलेला माणूस काय चिडून येतो ते मी पाहिलंय.

आणखी एक विचित्र सांगते. गेल्या आठवड्यात ते हेडफोन घालून बसले होते. मग काढून उलटे घातले. पुन्हा सुलटे. पुन्हा उलटे. मग टेबलावर ठेवले आणि हात मांडीवर घेऊन नुसते बसून राहिले. मी विचारलं, "काय झालं हो?" तर म्हणाले, "चार वाजत आलेत."

मीही आता बोलणं टाकलंय. बॅग भरून ठेवलीये. काही दिवस बहिणीकडे जाऊन राहते. तिच्याकडे निदान कुणी विचारलं तर उत्तर मिळतं.

तुझी मामी

२२ फेब्रुवारी

प्रिय मामी,

बॅग असू दे तिथेच, पण निघू नकोस. आधी माझं एक ऐक. आज जेवताना त्याच्या उजव्या हाताला बस. कारण विचारलंच तर पंख्याचा वारा लागतो म्हण. आणि काहीतरी बोल, अगदी हळू, पुटपुटल्यासारखं. काय होतं ते मला लगेच कळव.

भाची

२४ फेब्रुवारी

चि. भाचीस,

बसले. मान खाली घालून, भाजीत चमचा फिरवता फिरवता इतक्या हळू म्हणाले की माझं मलाच ऐकू आलं नसतं, "पेटी भंगारवाल्याला देऊन टाकू का?"

घास तसाच हातात धरून गर्रकन वळले. "काय? काय म्हणालीस?"

मला हसूही आलं आणि उठून आत जाऊन नळ सोडून रडलेही. म्हणजे राग नव्हता गं. मी महिनाभर भिंतीशी भांडत होते. बॅगेतल्या साड्या परत कपाटात लावल्या.

पण मग त्यांना ठाऊक आहे का? आणि ठाऊक असेल तर मला का नाही सांगितलं? मी विचारू का? मला धीर होत नाही. तू विचार.

नवे हेडफोन कालच आलेत. ते घालून सकाळपासून बसलेत. चेहरा बघवत नाही.

मामी

२५ फेब्रुवारी

भाचीबाई,

घाईत लिहितो. नवे हेडफोन आले. काय योगायोग बघ, हेही डावीकडे कच्चे निघाले. हल्ली कारखान्यांत लक्षच देत नाहीत. घरातल्या विजेतही काही गडबड असेल. वायरमनला बोलावतोय.

मामा

२८ फेब्रुवारी

प्रिय मामा,

वायरमनला बोलावू नकोस. त्या बिचाऱ्याने काही केलेलं नाही.

लहानपणी सुट्टीत तू मला तुझ्याबरोबर बाजारात न्यायचास. एका धान्याच्या दुकानात तू दोन्ही पारड्यांतला माल अदलाबदल करून पाहिलास. माल इकडचा तिकडे गेला, तरी खाली गेलं तेच पारडं. दुकानदार म्हणाला, "साहेब, गहू ओले असतील." तू हसलास आणि तराजू जप्त केलास. बाहेर आल्यावर मी विचारलं होतं, तुला कसं कळलं. तू म्हणालास, "माल बदलला तरी दांडी त्याच बाजूला झुकते, म्हणजे खोट मालात नाही."

तू हेडफोन उलटे घातलेस तेव्हा काय झालं, ते तू मला खरं लिहिलं नाहीस. मी तिथे नव्हते, पण नव्या हेडफोननी तुझं बिंग फोडलं. मामा, तू तीन भोकं तपासलीस, दोन हेडफोन तपासलेस, आता घरातली वीज तपासायला निघालास. ज्या तराजूवर हे सगळं मोजतोयस तो मात्र शिक्का मारून घ्यायला तू नेलेला नाहीस.

कानाच्या डॉक्टरकडे जा. उद्याच जा. काही वेळा कान असा एकाएकी जातो आणि लवकर गेलं तर हाती लागतो, उशीर झाला तर नाही. मी घाबरवत नाही, मीच घाबरलेय. हे पत्र मंडळात वाचून दाखवू नकोस. मामीला दाखव. ती रागावलेली नाही. तिला वाटत होतं, तू रागावलायस.

तुझी भाची

१४ मार्च

प्रिय भाचीबाई,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ते फाडलं. मग टोपलीतून काढून टेबलावर जुळवलं. तेवढ्यात मामी आली आणि माझ्या उजव्या बाजूला येऊन उभी राहिली. ते तुकडे तिने वाचले. मला म्हणाली, "चप्पल घाला."

हो, मला कळलं होतं. हेडफोन उलटे घातले त्याच दिवशी. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दांड्या पकडल्या, स्वतःची पकडायला काय वेळ लागतो? पण तुझे आजोबा तुला फारसे आठवत नसतील. शेवटी त्यांना काही ऐकू येत नव्हतं. सुरुवातीला आम्ही मोठ्याने बोलायचो. मग कंटाळलो, आणि फक्त महत्त्वाचं तेवढं बोलायला लागलो. मग महत्त्वाचं काय हे आम्हीच ठरवायला लागलो. ते जेवायला बसले की आम्ही त्यांच्या डोक्यावरून एकमेकांशी बोलायचो, आणि ते प्रत्येकाच्या तोंडाकडे बघून हसायचे, चुकीच्या जागी. माझ्या मनात तेच बसलं होतं. एक कान गेला की दुसरा जाणार, आणि मग मी जेवणाच्या टेबलावर हसत बसणार. त्यापेक्षा पेटी खराब असलेली बरी.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. भिंतीवर कानाचं भलंमोठं चित्र, गोगलगाय चिरून दाखवल्यासारखं. त्यांनी कानात दिवा धरून पाहिलं. मामी दाराशी, पर्स दोन्ही हातांनी आवळून. बाई म्हणाल्या, "एक मिनिट हं." मग म्हणाल्या, "काका, हे काय आहे?"

मी म्हटलं, "काय?"

त्यांनी चिमट्याने काहीतरी ओढलं. मला वाटलं मेंदूचा भाग येतोय. डोक्यात एकदम एखादं दार सताड उघडल्यासारखं झालं, आणि बाहेरच्या खोलीत कुणीतरी वर्तमानपत्राचं पान उलटलं ते मला ऐकू आलं. चिमट्याच्या टोकाला राखाडी रंगाचा, बोटाच्या पेराएवढा स्पंजचा बोळा.

इयरफोनचा बोळा, भाचीबाई. गायिका उजवीकडे सापडली त्या रविवारी मंडळात जाड हेडफोनच्या आधी दर्दींनी कानात घालायचे छोटे इयरफोन सगळ्यांकडे फिरवले होते. माझ्या कानातून काढले तेव्हा एका बाजूचा बोळा गायब होता. सगळ्यांनी खुर्चीखाली, बाकाखाली, दर्दींच्या जुन्या बेसिनमध्येसुद्धा शोधला. मीही शोधला. गुडघे टेकून शोधला.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कान तपासले. वयाच्या मानाने वरचे बारीक आवाज थोडे कमी झालेत, बाकी ठणठणीत. बाहेर पडलो तर रस्त्यावर नुसता गोंगाट. मामी माझ्या डाव्या बाजूने चालत होती. मुद्दामच. म्हणाली, "ऐकू येतंय?" मी म्हटलं, "येतंय." म्हणाली, "मग महिनाभराचं सगळं ऐका आता." आणि घरी पोचेपर्यंत तिने एकही गोष्ट शिल्लक ठेवली नाही. वाटेत आम्ही एका बाकावर बसलो, कारण मला ते सगळं बसून ऐकायचं होतं. तिला वाटलं ऊन लागलं.

घरी येऊन पेटी लावली. तिन्ही भोकांतून तेच गाणं ऐकलं. गायिका मधोमध आहे. अगदी समोर. गाते छान. तिन्ही भोकांत मला काडीचा फरक कळला नाही. शेवटी जाड भोकात लावलंय, कारण त्या बाजूने वायर चहाच्या कपाला अडत नाही.

आता पुढच्या रविवारी मंडळात जाऊन सगळं सांगायचं आहे. निकाल अजून छापायचा आहे, त्याआधीच सांगितलेलं बरं.

तुझा मामा

१७ मार्च

प्रिय मामा,

तुझं पत्र मी उभ्या उभ्या वाचलं आणि मग खाली बसले. आमच्या दिग्दर्शकांनी विचारलं, काही वाईट बातमी? मी म्हटलं, मामाच्या कानातून बोळा निघाला. ते हळहळले. का हळहळले, त्यांनाच माहीत.

मंडळात जरूर सांग. पण त्यांना राग आला तर मनावर घेऊ नकोस. माणसाला जे एकदा ऐकू आलं, ते परत घ्यायला फार जड जातं.

आणि एक. मामीलाही ऐकव ना गाणं. बऱ्याच पेट्यांवर दोन भोकं एकाच वेळी चालतात. तुझे जड हेडफोन जाड भोकात राहू देत, आणि तिच्याकडे मोबाइलबरोबर आलेले साधे, कानावर टेकणारे असतील ते लहान भोकात लाव. तिचा आवाज आधी कमी ठेव. कानात खुपसायचे मात्र देऊ नकोस!

भाची

२३ मार्च

प्रिय भाचीबाई,

सांगून आलो.

सगळे जमले होते. मी खुर्चीत न बसता तिच्या शेजारी उभा राहिलो आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. बोळा, चिमटा, डॉक्टरीणबाई, सगळं. म्हटलं, गायिका मधोमध आहे, उजवीकडे होता तो माझा चांगला कान. तुम्ही माझ्या शब्दावर विसंबून मसुदा केलात, तो रद्द करा.

 मग प्राध्यापक म्हणाले, "तुमच्या कानात बोळा होता, मान्य. आम्हा सगळ्यांच्या कानात होता का?"

मी म्हटलं, "नाही."

"मग आम्हाला ती उजवीकडे कशी ऐकू आली?"

 मी म्हटलं, "मी म्हणालो म्हणून." हे बोलायला नको होतं. बाकावरचे दोघे एकदम उठले. दर्दींनी हात वर करून त्यांना बसवलं आणि फार मायेने मला विचारलं, "त्या डॉक्टरने नक्की काय काय काढलं?"

पुन्हा ऐकून खात्री करू म्हणाले. मला आडवं केलं. मी ऐकलं, म्हटलं, मधोमध. मग प्रत्येकाने ऐकलं. प्रत्येकाला उजवीकडे. एकालाही मध्ये नाही, भाचीबाई! मी त्यांच्या चेहऱ्यांकडे नीट पाहिलं. माप मारणारा माणूस खोटं बोलतो तेव्हा त्याची नजर कुठे जाते, हे मी आयुष्यभर पाहिलंय. हे खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच ती तिथे दिसत होती. मला तर क्षणभर त्यांचा हेवा वाटला.

शेवटी ठराव झाला. 'निकाल समितीच्या प्रमुखांची श्रवणशक्ती वैद्यकीय हस्तक्षेपामुळे बाधित झाल्याने त्यांना सन्मानपूर्वक मुक्त करण्यात येत आहे.' चार दातांच्या भोकाचा निकाल कायम. विराजमान हा शब्दही कायम ठेवलाय, तेवढं माझं तिथे राहिलं. निघताना सगळ्यांनी माझ्याशी मोठमोठ्याने आणि एकेक शब्द सुटा करून बोलायला सुरुवात केली होती. "सां-भा-ळून जा!"

घरी येताना रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. मामीला तू सांगितलंस तसं लहान भोक दिलं. तिने गाणं पूर्ण ऐकलं आणि म्हणाली, "बाईंचा गळा गोड आहे. एवढ्यासाठी तुम्ही दात काढायच्या खुर्चीत झोपत होतात?" मग म्हणाली, "परत लावा."

मामा

२ एप्रिल

चि. भाचीस,

आम्ही दोघं मजेत आहोत. संध्याकाळी एका पेटीला दोन वायरी लावून बसतो, शेजारच्या बाईंना वाटतं आम्हाला काहीतरी उपचार चालू आहेत. तुझे मामा आता फोनवरही बोलतील म्हणतात, पण पत्राची चटक लागलीये. माझ्या जवळ मात्र ते अखंड बोलतात. महिनाभराचं थकलेलं सगळं भरून काढताहेत. कधी कधी वाटतं, तो बोळा कुठे टाकला त्या बाईंनी.

एक गंमत सांगायला लिहितेय. काल दुपारी हे बाहेर गेले होते तेव्हा दर्दी आले. मी बसा म्हटलं तर उभेच राहिले. इकडे तिकडे पाहिलं, खालच्या आवाजात म्हणाले, "वहिनी, एक खाजगी विचारायचं होतं. रागावणार नाही ना?"

मला वाटलं ठरावाबद्दल माफी मागायला आलेत. म्हटलं, "विचारा की."

"तो बोळा... तुम्ही जपून ठेवलाय का?"

मी म्हटलं, "छे! डॉक्टरीणबाईंनी तिथल्या तिथे टोपलीत टाकला."

फार वाईट वाटलं त्यांना. खुर्चीवर बसलेच. मग हळूहळू उलगडा झाला. गेल्या दोन-तीन दिवसांपासून त्यांना गायिका मधोमध यायला लागलीये. ह्यांनी मंडळात सांगितलं तेव्हापासून मनात काहीतरी शिरलं, म्हणाले. कितीही प्रयत्न केला तरी उजवीकडे जाईना. रविवारी मंडळात सगळ्यांसमोर खुर्चीत आडवं व्हायचंय. "अध्यक्षालाच ती मध्ये ऐकू आली तर मंडळाचं काय होईल, वहिनी?" डोळे भरून आले होते त्यांचे. आयुष्यभर दुसऱ्यांचे दात उपटले त्या माणसाचे.

माझ्याने बघवेना. औषधांच्या डब्यातून कापूस आणला, चांगला स्वच्छ, छोटासा बोळा करून दिला. म्हटलं, "डाव्या कानात घाला. वर वर घाला, आत कोंबू नका." त्यांनी तो रुमालात गुंडाळून वरच्या खिशात ठेवला.

आज सकाळी त्यांचा फोन आला. आवाज एकदम तरतरीत. "वहिनी, आली! उजवीकडे आली! कापूस जरा मवाळ आहे, पण काम देतो." मग जरा थांबून, घसा खाकरून विचारतात, "एक विचार मनात येतोय. दोन्ही कानांत घातला तर?"

मी म्हटलं, "मग तर तुम्हाला अगदी शुद्ध ऐकू येईल."

म्हणाले, "मलाही तसंच वाटलं."

तुझी मामी